रोज खिशात ठेवायचा पहिला चाकू: निवड, वापर आणि धार

खिशातला चाकू म्हटलं की आपल्याकडे दोन चित्रं लगेच डोळ्यांसमोर येतात. एक म्हणजे सिनेमातल्या गुंडाच्या हातात खटकन उघडणारा रामपुरी. दुसरा म्हणजे लाल मुठीचा स्विस चाकू, कुणीतरी परदेशातून भेट म्हणून आणलेला आणि मग वर्षानुवर्षं शोकेसमध्ये पडून राहिलेला. पण अमेरिकेत, फ्रान्समध्ये, जर्मनीत, इंग्लंडमध्ये, जपानमध्ये साधा, जुन्या घडणीचा घडीचा चाकू सकाळी किल्ल्या-पाकिटाबरोबर खिशात टाकून घराबाहेर पडणारे असंख्य लोक आहेत. ते आपापला चाकू एकमेकांना दाखवतात, त्याच्या मुठीवर चढलेली झिलई आणि पात्यावर आलेले डाग कौतुकाने न्याहाळतात. आपल्याकडेही ही आवड आता रुजू लागली आहे आणि नवीन माणसाचे प्रश्न बहुतेक वेळा सारखेच असतात. कोणता घ्यायचा? पोलिसांचं काय? गंज कसा टाळायचा? धार कशी लावायची?

माझं ठाम मत आधीच सांगतो. पहिला चाकू लहान घ्या, लॉक नसलेला घ्या आणि घेतल्या दिवसापासून कामाला लावा. देखणा, महागडा, जपून ठेवायचा चाकू पुढे कधीही घेता येतो.

हा चाकू चालतो कसा

या चाकूंना शौकीन लोक स्लिपजॉइंट म्हणतात. मुठीच्या पाठीत पोलादाची एक पट्टी, म्हणजे स्प्रिंग, ताणून बसवलेली असते. पात्याचा मुठीतला भाग, म्हणजे टँग, एका खिळ्याभोवती फिरतो आणि ही स्प्रिंग त्याच्यावर सतत दाब देत राहते. पातं पूर्ण उघडलं की टँगची सपाट कड स्प्रिंगखाली बसते आणि पातं जागेवर राहतं. मिटलं की दुसरी कड बसते. बटण नाही, खटका नाही, लॉक नाही. पात्याच्या पाठीवर जोर दिला तर ते मिटू लागतं, आणि म्हणूनच हा चाकू कापायला आहे, भोसकायला किंवा उचकटायला नाही. ही मर्यादा समजली की त्याचा अर्धा वापर समजला.

पातं उघडायला त्याच्या अंगावर नखाची खाच असते. मुठीच्या आत दोन्ही बाजूंना पितळेचे किंवा पोलादाचे पातळ पत्रे असतात, ते लायनर. मुठीच्या टोकांना बहुधा जर्मन सिल्व्हरची जाड टोपी असते, तो बोल्स्टर. उरलेल्या मुठीवर, लायनरच्या बाहेरून, हाडाची, लाकडाची, शिंगाची किंवा मायकार्टाची सजावट. मायकार्टा म्हणजे कापडाचे किंवा कागदाचे थर रेझिनमध्ये दाबून केलेला पदार्थ. घामाला आणि पाण्याला तो दाद देत नाही, त्यामुळे आपल्या हवेत फार उपयोगी.

याहूनही साधा प्रकार म्हणजे स्प्रिंगच नसलेला, फक्त घर्षणावर थांबणारा चाकू. जपानच्या ह्योगो प्रांतातल्या मिकी गावचा हिगोनोकामी तसा आहे. पितळेचा किंवा लोखंडाचा पत्रा दुमडून केलेली मूठ, एक पातं आणि पात्याच्या मागे बाहेर आलेली छोटीशी शेपटी. ती शेपटी अंगठ्याने दाबून धरायची, म्हणजे पातं उघडं राहतं.

आधी आपली कामं बघा

दुकानात किंवा साइटवर जाण्याआधी आठवडाभर लक्ष ठेवा की धारदार वस्तूची गरज तुम्हाला नेमकी कधी पडते. कुरियरच्या खोक्यावरची टेप. दुधाची पिशवी. नवीन शर्टाची लेबलं. डब्यातलं सफरचंद किंवा पेरू. पेन्सिलीला टोक. गजऱ्याचा दोरा. बागेतली सुकलेली फांदी, बियाण्याचं पाकीट, सुतळी. ट्रेकला गेलात तर काकडी, कांदा आणि लिंबू.

या यादीतल्या जवळजवळ सगळ्या कामांना सहा-सात सेंटीमीटरचं पातं पुरून उरतं. सुरुवातीला हात मोठ्या चाकूकडे जातो, कारण तो फोटोत रुबाबदार दिसतो. पण मोठा चाकू खिशात जड होतो, पँटचा खिसा ओढतो आणि चार लोकांत बाहेर काढला की समोरचा दचकतो. मग तो घरीच राहू लागतो. ऑफिसमधल्या शेजारच्या माणसाने शांतपणे "जरा तुझा चाकू दे रे" म्हणावं, इतपत निरुपद्रवी चाकू हवा.

कायद्याचं नीट समजून घ्या

हा भाग चुकवू नका. शस्त्र नियम, २०१६ मध्ये धारदार शस्त्रांच्या वर्गात ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याचे चाकू येतात, आणि घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक वा औद्योगिक कामासाठी बनवलेल्या वस्तू त्यातून वगळल्या आहेत. खिशातला छोटा चाकू या मापाच्या कितीतरी खाली बसतो. पण गोष्ट तिथे संपत नाही.

महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७(१) खाली पोलीस आयुक्त किंवा जिल्हाधिकारी मनाई आदेश काढतात. सण, मिरवणुका, निवडणुका, आंदोलनं अशा काळात पेपरात छोटी बातमी येते: शस्त्रे, सोटे, भाले, तलवारी, सुरे, लाठ्या बाळगण्यास मनाई. त्यात चाकू स्पष्टपणे येतो, आणि तुमचा चाकू किती लहान यावर वाद घालायची ती वेळ नसते. आपल्या जिल्ह्यात आदेश लागू असेल तेवढे दिवस चाकू घरी ठेवायचा.

दिल्लीला जाणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं. तिथे १९८० च्या अधिसूचनेनुसार बटणाने किंवा तशाच यांत्रिक खटक्याने उघडणारे, ७.६२ सेंटीमीटर किंवा त्याहून लांब आणि १.७२ सेंटीमीटर किंवा त्याहून रुंद पात्याचे चाकू बाळगण्यावर बंदी आहे. बटणाचा चाकू कुठेच घेऊ नका, हा माझा सरळ सल्ला आहे. रामपुरीचं आकर्षण मला कळतं. त्या गावच्या कारागिरीला इतिहास आहे, आणि २०२३ मध्ये रामपूरच्या चौकात सहा मीटरहून लांब चाकू उभारला गेला. पण खटक्याचा लांब चाकू रोज खिशात घेऊन फिरायची वस्तू नाही.

विमानाच्या हँडबॅगेत चाकू चालत नाही, चेक-इन सामानात टाका. मेट्रो, न्यायालय, सरकारी कार्यालयं, स्टेडियम, गर्दीची देवस्थानं अशा ठिकाणी जायचं असेल तर घरून निघतानाच खिसा तपासा. किल्ल्यांच्या जुडग्याला लावलेला छोटा चाकू हमखास विसरला जातो.

इंग्लंडमध्ये राहणाऱ्या मराठी मंडळींसाठी नियम अगदी स्पष्ट आहे. १९८८ च्या क्रिमिनल जस्टिस ॲक्टनुसार धारेची लांबी ३ इंचांपेक्षा जास्त नसलेला, घडीचा आणि लॉक न होणारा चाकू सार्वजनिक जागी कारण न देता बाळगता येतो. लॉक होणारा मात्र योग्य कारणाशिवाय नाही. तिथे स्लिपजॉइंट इतका लोकप्रिय आहे त्याचं एक कारण हेच. अमेरिकेत राज्याराज्यांचे आणि शहरांचे नियम वेगळे आहेत, तुमच्या गावचे तेवढे बघून घ्या.

आणि "स्वसंरक्षणासाठी ठेवलाय" हा विचार डोक्यातून काढून टाका. मिटणारं पातं स्वतःच्याच बोटांवर येतं, आणि ज्या वस्तूने तुम्ही पेरू कापत होता तिचं कायद्याच्या नजरेत एका वाक्यात शस्त्र होतं.

पहिला चाकू कोणता

माझ्या मते नवख्याने चार घराण्यांतून निवड करावी.

पहिलं स्विस. कार्ल एल्सेनर यांनी १८८४ मध्ये श्वित्स परगण्यातल्या इबाखला कार्यशाळा काढली, १८९१ मध्ये सैन्याला चाकू पुरवले आणि १८९७ मध्ये अधिकाऱ्यांसाठीचा हलका चाकू आणला. आजचा व्हिक्टोरिनॉक्स त्याचाच वंशज. लाल प्लास्टिकऐवजी कोरीव नक्षीच्या ॲल्युमिनियम मुठीचे मॉडेल बघा, त्यांना ॲलॉक्स म्हणतात. मिटल्यावर ८४ मिलिमीटर लांबीचा कॅडेट पातळ आहे, शर्टाच्या खिशातही जातो. ९३ मिलिमीटरचा पायोनियर जरा दणकट, त्यात टोच्याही आहे. पातं स्टेनलेस, धार पटकन लागते, गंजाची चिंता जवळपास नाही. मुंबई-कोकणात राहणाऱ्या आणि निगा राखायचा कंटाळा असणाऱ्या माणसाला मी डोळे मिटून कॅडेट सांगतो.

दुसरं फ्रेंच. जोसेफ ओपिनेल यांनी १८९० मध्ये साव्हॉय प्रांतात, आल्प्सच्या कुशीत, लाकडी मुठीचा चाकू बनवला. १८९७ मध्ये १ ते १२ अशी मापं ठरली. मूठ बीचच्या लाकडाची, पातं पातळ, आणि कापण्याच्या बाबतीत त्याच्या किमतीत त्याच्या जवळपास कुणी नाही. ८ नंबरचं पातं साडेआठ सेंटीमीटरचं. ६ नंबरपासून वरच्या मापांना गळ्याशी फिरणारी धातूची कडी असते, १९५५ मध्ये आलेली. ती फिरवली की पातं लॉक होतं. त्यामुळे वर सांगितलेल्या इंग्लंडच्या नियमात ८ नंबर बसत नाही, लहान बिनकडीचे बसतात, आणि पहिल्या चाकूसाठीही तेच बघा. फ्रान्सचंच लाग्योल हे नावही तुम्ही ऐकाल: ओब्राक पठारावरच्या गावचा, पाठीवर मधमाशी असलेला देखणा चाकू, ज्यातले बरेचसे प्रत्यक्षात तिएर शहरात घडतात. पण ते नाव कुणी एका कारखान्याच्या मालकीचं नसल्याने स्वस्त नकलांचा सुळसुळाट आहे. पहिल्या खरेदीत त्या वाटेला जाऊ नका.

तिसरं अमेरिकन, आणि पारंपरिक चाकूच्या शौकिनांचं खरं माहेर. पेनसिल्व्हेनियातल्या ब्रॅडफर्डचा केस, १८८९ पासूनचा. त्याच राज्यातल्या टायटसव्हिलचा ग्रेट ईस्टर्न कटलरी, २००६ मध्ये सुरू झालेला, जुन्या घडणीचे कार्बन पोलादाचे चाकू मर्यादित संख्येत काढणारा. इथे आकारांना नावं आहेत आणि बऱ्याच नावांमागे एखादा धंदा आहे. स्टॉकमन गुराख्यांसाठी, तीन पात्यांचा: टोकदार क्लिप, सरळ धारेचं शीप्सफूट, आणि बोथट टोकाचं स्पे, जे जनावरांचं खच्चीकरण करताना टोक नको तिथे लागू नये म्हणून तसं केलेलं. ट्रॅपर सापळे लावून कातडी काढणाऱ्यांचा, दोन लांब पात्यांचा. सॉडबस्टर शेतकऱ्याचा, एकपाती, बिननक्षीचा. बार्लो मूळचा इंग्लंडच्या शेफील्डचा, लांबलचक बोल्स्टरमुळे लगेच ओळखू येणारा. पीनट म्हणजे बोटभर लांबीचा, दोन पात्यांचा. यातून पहिला घ्यायचा तर मध्यम आकाराचा स्टॉकमन घ्या. तीन पाती म्हणजे एक फळांसाठी, एक खोक्यांसाठी आणि एक राखीव, ही शिस्त आपोआप लागते.

चौथं आपलं देशी. कच्छमधल्या अंजारचे सुडी-चप्पू, म्हणजे अडकित्ते आणि चाकू, प्रसिद्ध आहेत. कच्छला फिरायला गेलात तर जरूर बघा. कारागिराच्या हातचा चाकू समोर बसून पारखून घेण्यात जी मजा आहे ती पार्सल उघडण्यात नाही. फक्त आकार लहान निवडा, आणि पर्यटकांसाठी ठेवलेले शोभेचे सुरे टाळा.

हातात आल्यावर पारखा

चाकू मिटलेला असताना उजेडासमोर धरा. लायनर आणि स्प्रिंगच्या मधून उजेडाची रेघ दिसली तर जोड ढिली आहे. पाठीवरून बोट फिरवा: उघड्या अवस्थेत स्प्रिंग आणि पातं एका पातळीत लागलं पाहिजे, पायरी लागता कामा नये. मग पातं उघडून चिमटीत धरा आणि डावीउजवीकडे हलकेच हलवा. लटलट असेल तर परत करा. वरून बघा, मिटलेलं पातं मधोमध बसतंय की एका लायनरला घासतंय? थोडं एका बाजूला असलं तरी चालतं, घासलेलं चालत नाही.

आता उघडून-मिटून आवाज ऐका. चांगल्या चाकूचं पातं शेवटच्या टप्प्यात स्वतःहून ओढलं जातं आणि "टक्" असा नेमका आवाज येतो. शौकीन याला "वॉक अँड टॉक" म्हणतात. काही चाकूंत पातं अर्ध्यावर, काटकोनात, क्षणभर थांबतं, तो हाफ-स्टॉप. नवख्याने तो असलेला चाकू घ्यावा, कारण मिटताना बोटं बाजूला घ्यायला उसंत मिळते. स्प्रिंगची ओढ एक ते दहा अशा अंदाजाने सांगायची पद्धत आहे. पाच-सहा रोजच्या वापराला उत्तम. आठच्या पुढे नख दुखतं.

उघडणं, मिटणं, हातात देणं

दोन्ही हातांनी उघडा. डाव्या हातात मूठ, उजव्या अंगठ्याचं नख खाचेत, आणि मूठ धरणारी बोटं पात्याच्या वाटेत नाहीत याची खात्री. मिटताना मूठ बाजूंनी धरा, दुसऱ्या हाताच्या तळव्याने पात्याची पाठ ढकला. मुठीभोवती बोटं गुंडाळून मिटायला गेलात तर पातं थेट बोटांच्या पेरांवर येतं. स्प्रिंग जितकी कडक तितकी ती जखम खोल.

कापताना धार अंगापासून लांब जाऊ द्या. झिप-टाय किंवा जाड प्लास्टिक कापताना खालचा हात कुठे आहे ते आधी बघा. कापलंच तर वाहत्या पाण्याखाली धुवा, स्वच्छ कापडाने दाबून धरा, आणि धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं ते आठवत नसेल तर डॉक्टरांकडे जा.

दुसऱ्याला देताना मिटून द्यायचा. घेणाऱ्यानेही मिटूनच परत करायचा.

ठेवायचा कुठे? जीन्सच्या पुढच्या खिशातला छोटा खिसा लहान चाकवासाठीच जणू शिवलेला आहे. झब्ब्याच्या खोल, मोकळ्या खिशात चाकू टाकू नका. खाली बसलं की घसरून पडतो. किल्ल्या आणि नाणी एका खिशात, चाकू दुसऱ्या, रुमालात गुंडाळून. मुठीवर ओरखडे येत नाहीत आणि खिशातला कचरा खिळ्यात शिरत नाही.

पोलाद आणि कैरी

स्टेनलेस घ्यायचं की कार्बन? स्टेनलेसमध्ये भरपूर क्रोमियम असतं, ते गंज रोखतं. कार्बन पोलादात ते नसतं. ग्रेट ईस्टर्न वापरते त्या १०९५ नावाच्या पोलादात किंवा ओपिनेलच्या कार्बन पात्यात सुमारे नऊ दशांश टक्के कार्बन असतो, आणि असं पातं दगडावर पटकन, फार बारीक धार घेतं. बदल्यात ते तुमचं लक्ष मागतं.

ज्यांच्या घरी लोखंडी विळी आहे त्यांना हे सांगावं लागत नाही. कैरी चिरल्यावर विळीचं पातं काळं पडतं आणि कैरीच्या फोडीवरही काळसर छटा येते. कार्बनच्या चाकूचं तेच होतं. नव्या चकचकीत पात्याने एक कैरी चिरा आणि पातं तसंच पाच मिनिटं राहू द्या. रस सुकत जातो तिथे आधी पिवळसर, मग जांभळट, मग निळसर राखाडी ढग उमटतात, रसाच्या ओघळांच्या आकाराचे. पाण्याने धुवून, पुसून, कोरडं करा. हा थर पॅटिना. तो पात्याला लाल गंजापासून काही अंशी वाचवतो. पुढे कांदा, लिंबू, पेरू, टोमॅटो कापत जाल तसा तो गडद आणि एकसारखा होत जातो, आणि प्रत्येकाच्या पात्यावर वेगळा. तुम्ही काय खाता आणि काय कापता हे त्यावरून ओळखू येतं, म्हणून तर शौकीन एकमेकांची पाती इतक्या निरखून बघतात. व्हिनेगरमध्ये पातं बुडवून तासाभरात पॅटिना आणणारेही आहेत. मला ते पटत नाही. वापरून आलेल्या रंगाला जी खोली असते ती त्याला येत नाही.

काळा, निळा, राखाडी रंग चांगला. केशरी-तांबडा, बोटाला लागणारा, तो गंज. दिसला की तेलाचा थेंब टाकून जुन्या कापडाने किंवा वर्तमानपत्राच्या बोळ्याने घासून काढा.

धार लावणं

या छंदात शिकण्यासारखी एकच गोष्ट निवडायची झाली तर ही. रस्त्यावरच्या धारवाल्याचं चाक विळीला आणि कात्रीला ठीक आहे. खिशातल्या चाकूचं पातळ पातं त्या वेगात तापतं, पोलादाचं पाणी उतरतं आणि दोन-तीन खेपांत पातं निम्मं झिजतं. हाताने लावा.

हार्डवेअरच्या दुकानात कार्बोरंडमचा दुहेरी दगड मिळतो, एक बाजू जाड, एक बारीक. सुरुवातीला तेवढा पुरतो. पुढे हजार ग्रिटचा (ग्रिट म्हणजे दगडाच्या कणांचा बारीकपणा) पाण्याचा दगड घ्या. दगडावर पाणी वापरायचं की तेल हे एकदा ठरवा. तेल पाजलेल्या दगडावर पुन्हा पाणी नीट काम करत नाही. दगड ओल्या फडक्यावर ठेवा म्हणजे सरकणार नाही.

कोन साधारण वीस अंशांचा. तो कसा मोजायचा? कागदाचा काटकोनी कोपरा घ्या, एकदा दुमडा, पंचेचाळीस अंश झाले. पुन्हा दुमडा, साडेबावीस झाले. त्याहून किंचित कमी. पातं दीड सेंटीमीटर रुंद असेल तर त्याची पाठ दगडापासून साधारण अर्धा सेंटीमीटर उचलायची. हा कोन नेमका वीस असण्यापेक्षा तो पहिल्या घासापासून शेवटच्या घासापर्यंत तोच राहणं जास्त महत्त्वाचं आहे. मदतीसाठी धारेच्या कडेला मार्करने काळी रेघ मारा आणि दोन-चार घास द्या. शाई अगदी कडेवरून निघाली तर कोन बरोबर. वरच्या अंगाची निघाली आणि कडेची राहिली तर पाठ थोडी उचला.

मुठीजवळून सुरू करून टोकापर्यंत, दगडावरून पातळ पापुद्रा कापायचा असल्यासारखा घास द्या. टोकाकडे जाताना मूठ किंचित वर उचला, नाहीतर टोक बोथट राहतं. एकाच बाजूने घासत राहा. काही वेळाने दुसऱ्या बाजूच्या कडेला बोट आडवं, धारेपासून बाहेरच्या दिशेने फिरवलं तर बारीक कुसळ लागते, तीच बर. ती मुठीपासून टोकापर्यंत सलग लागली पाहिजे. सगळे नवखे इथेच घाई करतात: बर येण्याआधी बाजू बदलतात आणि मग तासभर घासूनही धार का येत नाही म्हणून वैतागतात. बर आली, बाजू बदला, तिकडूनही आणा. मग बारीक बाजूवर हलक्या हाताने, एक घास इकडून एक तिकडून, दाब कमी करत जा.

शेवटी जुन्या चामड्याच्या पट्ट्याची आतली, खरबरीत बाजू टेबलावर सपाट पसरा आणि पातं पाठीच्या दिशेने ओढा, धारेच्या दिशेने कधीच नाही. दहा-पंधरा वेळा. मग पिकलेल्या टोमॅटोवर पातं नुसतं टेकवून ओढून बघा. साल न दबता उघडली तर झालं. यानंतर आठवड्यातून एकदा फक्त पट्टा पुरतो, दगड महिनोन्महिने लागत नाही.

पावसाळ्यात

जून ते सप्टेंबर कार्बनच्या चाकवाची परीक्षा असते. रोज रात्री खिशातून काढून कोरड्या कापडाने पुसा, आठवड्याला पात्यावर तेलाचा पुसट हात फिरवा, खिळ्यात एक थेंब सोडा. तेल कोणतं? औषधाच्या दुकानात लिक्विड पॅराफिन मिळतं. ते खाण्याच्या वस्तूला लागलं तरी चालतं आणि चिकट होत नाही. शेंगदाण्याचं किंवा सूर्यफुलाचं तेल लावू नका, ते वाळून चिकट होतं आणि पातं उघडेनासं होतं. चामड्याच्या म्यानात महिनोन्महिने ठेवू नका, चामडं ओल धरतं. मुठीत आंब्याचा रस किंवा वाळू गेली तर कोमट पाणी, भांड्यांचा साबण आणि जुना टूथब्रश. मग हेअर ड्रायरने आतपर्यंत वाळवून तेल.

ओपिनेलवाल्यांना पावसात हमखास भेटणारी अडचण म्हणजे लाकूड फुगतं आणि पातं आत अडकून बसतं. नखाने ओढून नख तोडू नका. कडी मोकळी करा, चाकू उभा धरून मुठीचं मागचं टोक, पातं फिरतं त्या बाजूचं नव्हे, टेबलाच्या कडेवर टक्कन आपटा. पातं थोडं बाहेर डोकावतं. साव्हॉयच्या लोकांची ही जुनीच युक्ती. कायमचा इलाज हवा तर उन्हाळ्यात मूठ नीट वाळवून जवसाचं तेल दोन-तीन वेळा मुरू द्या.

दाखवणं, बघणं आणि जुने चाकू

आपला चाकू दुसऱ्या शौकिनाला दाखवताना तो कामातून आलाय हे लपवू नका, फक्त पुसून द्या. दुसऱ्याचा बघायला घेतलात तर विचारून उघडा, पात्याला बोटं लावू नका कारण घामाचे ठसे कार्बनवर रातोरात उमटतात, आणि पातं सोडून देऊन खाडकन मिटू नका. धार आतल्या स्प्रिंगवर आपटते. फोटो काढायचा तर सकाळचा तिरपा उजेड घ्या, आणि चाकू त्या दिवशी ज्यावर चालला त्याच्याशेजारी ठेवा, मग ती सोललेली पेन्सिल असो की अर्धा पेरू. चाकू भेट मिळाला तर फ्रान्समध्ये देणाऱ्याला एक नाणं परत देतात, म्हणजे धारेने मैत्री कापली जात नाही. ही प्रथा मला फार आवडते.

घरातल्या जुन्या पेटीत किंवा जुन्या बाजारात कधीकधी आजोबांच्या काळातला शेफील्डचा किंवा जर्मनीतल्या झोलिंगेनचा चाकू सापडतो. पात्याच्या मुळाशी टँगवर शिक्का बघा. केसच्या चाकवांवर १९७० पासून ठिपक्यांची पद्धत आहे: त्या वर्षी दहा ठिपके, पुढे दरवर्षी एक कमी, त्यामुळे त्या दशकातलं साल काढता येतं. मुठीला खरं सांबरशिंग असेल तर जरा थांबा. भारतातलं सांबरशिंग एके काळी शेफील्डपासून पेनसिल्व्हेनियापर्यंतच्या कारखान्यांना जायचं आणि अजूनही तिकडे त्याला फार मान आहे. पण वन्यजीव कायद्याखाली आपल्याकडे त्याचा व्यापार चालत नाही, तेव्हा ते विकत घेऊ-विकू नका.

जुन्या चाकवात पॉलिश बघू नका, दोनच गोष्टी बघा. पातं मूळ रुंदीचं किती उरलंय: खाचेपासून धारेपर्यंतचं अंतर फारच कमी असेल तर तो झिजून संपत आलाय. आणि स्प्रिंग: पातं पाऊण उघडून सोडा, ते स्वतःहून पुढे किंवा मागे ओढलं गेलं तर स्प्रिंग जिवंत आहे. लोंबकळत राहिलं तर शिक्का कितीही नामांकित असला तरी तो चाकू कपाटात ठेवायचा, खिशात नाही.